तीनदा बेल वाजवा

मुंबईत भुलाभाई देसाई रोडवर ‘आकाशगंगा’ नावाची इमारत आहे. तिथल्या एका फ्लॅटच्या दारावर एक पाटी असायची. सोमवारी आणि शुक्रवारी दार उघडणार नाही, बेल फक्त तीनदा वाजवा, कुणी दार उघडलं नाही तर कार्ड किंवा चिठ्ठी ठेवून जा, अशा अर्थाची. शेवटी गैरसोयीबद्दल दिलगिरीही होती. आत राहत होत्या अन्नपूर्णादेवी.

नाव ऐकलं नसेल तर लाजू नका. अनेकांनी ऐकलेलं नसतं, आणि ज्यांनी ऐकलेलं असतं ते ओळख करून देताना उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांची मुलगी, अली अकबर खाँ यांची बहीण, पंडित रविशंकर यांची पहिली पत्नी, अशी नाती मोजतात. आपण सरळ ओळख करून घेऊ. त्या सूरबहार वाजवायच्या. सूरबहार म्हणजे सतारीचं थोरलं, खर्जातलं भावंडं, संथ आलापीसाठी जन्माला आलेलं. निखिल बॅनर्जी, हरिप्रसाद चौरसिया, नित्यानंद हळदीपूर हे त्यांचे शिष्य. १९७७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

१९५० च्या दशकात त्यांनी जाहीर मैफली बंद केल्या. का, याच्या कथा भरपूर आहेत आणि त्यातल्या बहुतेक त्यांच्या संसारात डोकावणाऱ्या आहेत, म्हणून आपण त्या वाटेला नको जाऊया. महत्त्वाचं एवढंच की वाजवणं त्यांनी सोडलं नाही, फक्त लोकांसमोर वाजवणं सोडलं. व्यावसायिक रेकॉर्डिंगलाही त्या तयार झाल्या नाहीत. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या, तोपर्यंत साठेक वर्षं हा नकार टिकला.

आणि तरीही त्यांचं सूरबहार तुम्ही आज रात्री, हेडफोन लावून, हॉस्टेलच्या खोलीत ऐकू शकता. मांझ खमाज आहे, कौशी आहे. खरखर आहे, आवाज लांबून आल्यासारखा आहे. असं सांगतात की सभागृह गच्च भरल्यामुळे बाहेर स्पीकर लावला होता आणि कुणीतरी त्या स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर धरून हे गुपचूप उतरवून घेतलं. पुढे टेपवरून टेप, कॅसेटवरून कॅसेट, मग सीडी, मग पेनड्राइव्ह असा प्रवास करत ते आपल्यापर्यंत पोचलं.

माझ्या फोनमध्येही ते आहे. मी ते अनेकदा ऐकलंय आणि दर वेळी अंगावर काटा आलाय. त्यामुळे पुढचं सगळं मी साळसूदपणाचा आव न आणता लिहिते आहे. प्रश्न माझ्यासकट सगळ्यांना आहे: ज्या कलाकाराने ‘नाही’ म्हटलं, तिचं संगीत आपण कोणत्या हक्काने ऐकतो?

आधी चाहत्यांची बाजू, कारण ती कमकुवत नाही. आपल्या संगीताचा इतिहास कंपन्यांच्या भरवशावर ठेवला असता तर हातात फार थोडं उरलं असतं. ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू जेमतेम साडेतीन मिनिटांची. तासभर उलगडणारा ख्याल त्यात कसा मावणार? पुढे लाँग प्लेइंग रेकॉर्ड आली तरी एका बाजूला वीस-बावीस मिनिटंच. रात्रभर रंगणाऱ्या घरगुती बैठका, गणेशोत्सवातली गाणी, देवळातल्या मैफली यातलं जे आज ऐकायला मिळतं, ते बऱ्याचदा कुणा वेड्या रसिकाने वजनदार स्पूल रेकॉर्डर खांद्यावरून वाहून नेला म्हणून. या मंडळींची एक शिस्तही असते. टेप विकायची नाही, देवाणघेवाण करायची. साथीला कोण, तारीख कोणती, गाव कोणतं, हे लिहून ठेवायचं. टेप चुकीच्या वेगाने उतरवली की गायकाची पट्टी चढते, तेव्हा कानाने पट्टी ओळखून वेग दुरुस्त करायचा. पावसाळ्यात टेपला बुरशी लागू नये म्हणून कपाटात दिवा लावून ठेवायचा. हे प्रेम नाही तर काय?

बाहेरही हेच घडलं. बॉब डिलनने १९६७ मध्ये मित्रांसोबत तळघरात रेकॉर्ड केलेली गाणी कंपनीने प्रसिद्ध केली नव्हती. १९६९ मध्ये त्यातली काही ‘ग्रेट व्हाइट वंडर’ नावाच्या चोरट्या रेकॉर्डवर आली आणि हातोहात गेली. लोकांना हे ऐकायचंय, हे कंपनीला अखेर कळलं. १९७५ मध्ये ‘द बेसमेंट टेप्स’ अधिकृतपणे आला आणि १९९१ पासून डिलनच्या अप्रकाशित संगीताची एक मालिकाच निघते आहे. नाव काय? ‘द बूटलेग सीरिज’. म्हणजे चोरट्या मालाचंच नाव मालकाने पाटीवर लावलं!

पण आता दुसरं उदाहरण. प्रिन्सचा ‘द ब्लॅक अल्बम’ डिसेंबर १९८७ मध्ये येणार होता. अगदी ऐन वेळी प्रिन्सनेच तो मागे घेतला. छापलेल्या रेकॉर्ड नष्ट करायला लावल्या. तरी काही प्रती निसटल्या आणि त्यांच्या चोरट्या नकला जगभर गेल्या. हा अल्बम विकत घेऊ नका, अशा अर्थाची ओळ त्याने पुढच्या एका व्हिडिओत क्षणभर झळकवली. चाहत्यांनी ऐकलं का? छे! उलट मागणी वाढली. अखेर १९९४ मध्ये तो अधिकृतपणे बाजारात आला.

वरवर पाहता डिलन आणि प्रिन्स दोघांचंही ‘अप्रकाशित संगीत’. पण फरक बघा. एकाचं संगीत कंपनीच्या फडताळात पडून होतं, दुसऱ्याने विचार करून ‘हे नको’ म्हटलं होतं. माझ्या मते सगळा मुद्दा इथेच आहे. कुणी विचारलं नाही म्हणून जगासमोर न आलेलं संगीत आणि कलाकाराने अडवलं म्हणून न आलेलं संगीत, या दोन गोष्टी आपण चाहते सोयीस्करपणे एकाच फोल्डरमध्ये टाकतो. पहिलं शोधणं, जपणं हे ऋण फेडणं आहे. दुसरं ऐकणं हे ऋण काढणं आहे. ते काढावंसं वाटलं तरी निदान आपण कर्जात आहोत एवढं तरी लक्षात असावं.

‘कला सगळ्यांची असते,’ हे वाक्य अशा वेळी हमखास येतं. छान वाक्य आहे. पण ते बहुधा ऐकणाराच म्हणतो. तुमच्या बँडची रिहर्सल आठवा. नवीन चाल अर्धीच जमली आहे, शब्द बसत नाहीयेत, सूर निसटतोय. तेवढ्यात कोपऱ्यातल्या मित्राने फोनवर शूट करून स्टोरी टाकली. ‘अरे भारी होतं म्हणून टाकलं ना!’ त्याच्या मनात प्रेमच असतं. पण पुढच्या रिहर्सलला तुम्ही त्या कोपऱ्याकडे बघत गाता. चुकायला घाबरता. जी जागा घेऊन बघायची होती ती घेत नाही. रेकॉर्डर आधीच असलेलं संगीत साठवतो हे खरं, पण समोर असला तर पुढचं संगीत बदलतोसुद्धा. कलाकाराला बंद दाराची गरज असते ती एवढ्यासाठी.

कायदा काय म्हणतो? कॉपीराइट कायदा १९५७ चा, पण सादर करणाऱ्याचा स्वतंत्र हक्क आजच्या रूपात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने, कलम ३८ मध्ये. त्याची मुदत आज पन्नास वर्षं आहे. स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा निव्वळ शिकवण्या-संशोधनासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला सूट आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट दिली: सादरीकरणाला आपलं नाव असावं आणि आपली प्रतिष्ठा जाईल अशी त्याची मोडतोड होऊ नये, हे सांगण्याचा कलाकाराचा हक्क. म्हणजे कुणाचा आलाप कापून, खाली बीट टाकून, नाव न देता रील करताना थोडं थांबा. पण १९५० च्या दशकात स्पीकरसमोर धरलेल्या त्या टेपपुढे कायदा मुका आहे. तिथे उरते ती फक्त तुमची-माझी सदसद्विवेकबुद्धी.

मग काय, डिलीट करायचं? मला तसं वाटत नाही. ती टेप नसती तर एक बाई सूरबहारवर असं वाजवायची, हे आपल्याला फक्त आठवणींवर विश्वास ठेवून मानावं लागलं असतं. आज सूरबहार शिकणाऱ्या एखाद्या मुलीला ती खरखर म्हणजे खजिना आहे. जपणं आवश्यकच. पण जपणं आणि उधळणं यात फरक आहे. ‘दुर्मीळ’, ‘कुणीच न ऐकलेलं’ अशी लेबलं लावून व्ह्यूज मिळवणं म्हणजे जपणं नव्हे. तसंच, ट्रंकेत कुलूप लावून, कुणालाच न देता, ‘माझ्याकडे आहे’ एवढंच मिरवणं हेही जपणं नव्हे. टेप तिथेच कुजते आणि मालकाबरोबर जाते. अशा संग्रहाची जागा संगीताच्या एखाद्या अभिलेखागारात आहे, जिथे अभ्यासकाला ते ऐकता येईल आणि घरच्यांना, शिष्यांना त्याबद्दल बोलता येईल.

आणि आपण? आपल्या खिशात तर कायमच रेकॉर्डर असतो. मैफलीत लाल बटण दाबण्याआधी विचारा. ‘नको’ म्हणाले तर फोन ठेवा आणि ऐका, असंही ऐकायलाच आला होतात. ‘हो’ म्हणाले तर साथीदारांसकट नावं आणि तारीख लिहा. मित्राची अर्धवट चाल त्याच्या परवानगीशिवाय पुढे पाठवू नका. जुनं काही हाती लागलं तर आधी शोधा: हे राहून गेलंय की कुणी अडवलंय?

मांझ खमाजचा तो आलाप मी उद्याही ऐकेन. पण ऐकताना ते दार आठवेल. आत एक बाई वाजवते आहे आणि आपण बेल न वाजवताच आत शिरलोय. निदान पुढच्या प्रत्येक दारासमोर तरी पाटी वाचूया. तीनदा बेल वाजवूया. नाही उघडलं, तर चिठ्ठी ठेवून परत फिरूया.