उसने दुःख, विकतचा निबंध



अमेरिकन विद्यापीठांच्या प्रवेशअर्जांचा हंगाम आला की आपल्या काही घरांत एक उद्योग सुरू होतो: मुलासाठी दुःख शोधण्याचा. इथे न्यूझीलंडमध्ये बहुतेक पदवी अभ्यासक्रमांना एनसीईएचे गुण पुरतात. अमेरिकेच्या 'कॉमन अ‍ॅप'ला मात्र ६५० शब्दांपर्यंतचा निबंध लागतो. मग सल्लागार गाठला जातो, हल्ली एआयही हाताशी असतो, आणि आई डॉक्टर, बाप इंजिनिअर अशा घरातल्या मुलाच्या नावावर 'स्थलांतरिताचा संघर्ष' उभा राहतो.

याच घरांत 'मापास'चा विषय निघू द्या. ऑकलंड विद्यापीठाच्या वैद्यकीय शिक्षणासाठी १९७२पासून असलेली ही माओरी व पॅसिफिक विद्यार्थ्यांची प्रवेशयोजना. लगेच 'मग गुणवत्तेचं काय?' हा पुण्या-मुंबईहून सामानात बांधून आणलेला प्रश्न बाहेर पडतो. म्हणजे दुसऱ्यावरचा खरा अन्याय विद्यापीठाने मोजायचा नाही, आणि आपल्या मुलावरचा बनावट अन्याय मात्र मोजायचा! याला दुटप्पीपणाखेरीज दुसरे नाव नाही.

खरा संघर्ष कसा असतो हे पाहायला आमच्या पुकेकोहेत या. कांदा-बटाट्याच्या या गावात १९२०च्या दशकाच्या मध्यावर 'व्हाइट न्यूझीलंड लीग' जन्माला आली. चिनी आणि भारतीय भाजीवाल्या शेतकऱ्यांना जमिनी देऊ नका, हा तिचा प्रचार. माओरी मुलांसाठी इथे १९५२ साली वेगळी शाळा निघाली. सिनेमागृहात त्यांच्या जागा ठरलेल्या, न्हाव्याच्या दुकानात नकार. १९५९ साली शेजारच्या पापाकुरात डॉ. हेन्री बेनेट या माओरी डॉक्टरला हॉटेलच्या बारमध्ये पेय नाकारले गेले. पदवी होती, हुद्दा होता. रंग आड आला. आपण मराठी माणसे बहुतांशी या साऱ्यानंतर, पदवीच्या जोरावर व्हिसा घेऊन आलो. हा इतिहास आपण जाणून घ्यावा; आपल्या मुलांच्या नावावर खपवू नये.

कोणी म्हणेल, सगळेच असे करतात. निबंध हे मुळातच ढोंग आहे. त्याचा पूर्वेतिहास काळा आहे हे खरेच. १९२०च्या दशकात हार्वर्डसारख्या ठिकाणी गुणांवर ज्यू विद्यार्थी 'फार' येऊ लागले, तेव्हा त्यांना रोखायला गुणांखेरीज 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' मोजणे सुरू झाले. पण आज त्याच निबंधाला वेगळे मोल आले आहे. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड खटल्यात वंशाधारित प्रवेश रद्द केला. वंशाचा स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला, हे अर्जदाराने लिहिले तर ते विचारात घेता येईल, एवढी फट मात्र उरली. ज्याने खरोखर सोसले त्याच्यासाठी उरलेली ही चिंचोळी वाट. तिच्यावर आपण खोट्या व्यथांची गर्दी केली, तर त्याचे खरे बोलणेही कोणी खरे मानणार नाही.

माझा व्यवसाय संशोधनाचा. तिथे पुराव्याशिवाय केलेले विधान टिकत नाही, आणि निबंधालाही हाच नियम लावावा. मुलाने स्वतः केलेली, स्वतः पाहिलेली एकच गोष्ट घ्यावी: आजीच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळणे, शनिवारी भाजीच्या स्टॉलवर हिशेब ठेवणे, फसलेला एखादा प्रयोग. काय घडले, त्याला काय कळले, काय अजून कळलेले नाही, हे त्याच्या भाषेत लिहावे. मोठे शब्द आईबापांनी घालू नयेत. आणि मुलाला सगळे आयते मिळाले असेल तर? तेच लिहू द्या. 'मला हे आयते मिळाले, त्याचे मी असे केले,' असे सरळ सांगणारा सतरा वर्षांचा मुलगा वाचणाऱ्याच्या लक्षात राहतो. मात्र त्यासाठी त्याने खरोखर काहीतरी केलेले असावे लागते. ते कुठल्याही सल्लागाराकडे विकत मिळत नाही.