राष्ट्रपतींची सही आणि मराठवाड्याची प्रतीक्षा

राष्ट्रपतिपदाची चर्चा या देशात बहुधा दोनच प्रसंगी रंगते. एक, त्या पदाची निवडणूक जवळ आली म्हणजे. आणि दुसरा, एखाद्या राज्याचे सरकार डळमळू लागले म्हणजे. महाराष्ट्राने हा दुसरा प्रसंग २०१९ च्या नोव्हेंबरात चांगलाच अनुभवला. १२ नोव्हेंबरला राज्यात राष्ट्रपती राजवट लागू झाली आणि २३ नोव्हेंबरच्या पहाटे, पावणेसहाच्या सुमारास, ती उठवण्यातही आली. त्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठकदेखील झाली नव्हती. कामकाज नियमावलीच्या बाराव्या नियमाने पंतप्रधानांना दिलेल्या खास अधिकारात शिफारस झाली, राष्ट्रपतींची सही झाली आणि लोक झोपेतून उठेपर्यंत राज्यात नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी उरकला होता. राष्ट्रपतींची सही किती वेगाने होऊ शकते, याचा वस्तुपाठच त्या पहाटेने घालून दिला.

परंतु राष्ट्रपतींच्या सहीने निघणारा आणखी एक आदेश महाराष्ट्राच्या वाट्याला आलेला आहे. त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही आणि त्याच्या वाटचालीत हा वेग कधीच दिसला नाही. तो आदेश म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१ च्या दुसऱ्या खंडान्वये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवणारा आदेश. जालन्यासारख्या जिल्ह्याचा राष्ट्रपतिपदाशी काही प्रत्यक्ष संबंध असेल, तर तो राष्ट्रपती राजवटीपेक्षा या आदेशातून अधिक येतो.

हा खंड मुळातूनच वाचण्यासारखा आहे. राष्ट्रपती आदेशाद्वारे राज्यपालांवर तीन गोष्टींची जबाबदारी सोपवू शकतात. पहिली, तिन्ही विभागांसाठी स्वतंत्र विकास मंडळे स्थापणे आणि त्यांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवणे. दुसरी, विकासखर्चासाठी निधीचे न्याय्य वाटप. तिसरी, तांत्रिक शिक्षण व व्यवसाय प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी आणि राज्याच्या सेवेत नोकरीच्या पुरेशा संधी. घटनेची भाषा रुक्ष असते, असा समज आहे. पण या तिसऱ्या कलमात भोकरदनचा विद्यार्थी, मंठ्याचा शिक्षक आणि अंबडच्या कचेरीतील कारकून यांचेच जीवन बोलते आहे. हुशार मुलाने तांत्रिक शिक्षणासाठी पुण्याची वाट धरावी की घराजवळ शिकावे, हा प्रश्न घटनाकर्त्यांनी केवळ कुटुंबाच्या ऐपतीवर सोडलेला नाही.

ही तरतूद १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आली. हैदराबाद संस्थानातून मुक्त झालेला मराठवाडा त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील झाला, तेव्हा मागास भागांना दिलेला तो शब्द होता. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले तरी शब्द कायम राहिला. फक्त तो पाळण्याची घाई कोणालाच नव्हती. १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि तिने दुसऱ्या वर्षी अहवाल दिला. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला. त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटींचा, म्हणजे साडेतेवीस टक्क्यांचा होता. १९८४ मध्येच विधिमंडळाने मंडळांची मागणी करणारा ठराव केला. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या नेत्यांनी मराठवाडा जनता विकास परिषदेच्या व्यासपीठावरून ती मागणी लावून धरली. तरीही राष्ट्रपतींचा आदेश निघण्यास ९ मार्च १९९४ ही तारीख उजाडावी लागली. ठरावापासून आदेशापर्यंत दहा वर्षे गेली आणि तेवढ्या काळात राष्ट्रपती भवनात झैलसिंग, वेंकटरामन आणि शंकर दयाळ शर्मा असे तीन राष्ट्रपती होऊन गेले.

मग या विलंबाचा दोष राष्ट्रपतींना द्यायचा काय? येथे या पदाचे खरे स्वरूप ध्यानी घेणे आवश्यक आहे. राष्ट्रपती राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतील, राज्य करणार नाहीत, ही भूमिका डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८ मध्येच घटना समितीपुढे स्पष्ट केली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ च्या शमशेर सिंग खटल्यात तीच पक्की केली. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर शब्दशः बंधनकारक केला आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली. ही मुभा निरर्थक नाही. के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस परत पाठवली, तेव्हा केंद्र सरकारला माघार घ्यावी लागली. विधेयकांच्या बाबतीतही घटनेने असाच अधिकार दिला आहे. अब्दुल कलाम यांनी २००६ मध्ये लाभाच्या पदांविषयीचे विधेयक परत पाठवले. संसदेने ते पुन्हा मंजूर केले आणि राष्ट्रपतींना सही करावी लागली, पण देशभर चर्चा झाली ती झालीच.

मात्र या दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. कागद राष्ट्रपतींपुढे आलेला होता. आलेला सल्ला परत पाठवता येतो. न आलेला सल्ला परत पाठवता येत नाही. राष्ट्रपती माहिती मागवू शकतात, विचारणा करू शकतात. पण जो आदेश काढण्याची शिफारस मंत्रिमंडळाने केलेलीच नाही, तो त्यांना स्वतःहून काढता येत नाही. नको असलेल्या कृतीला काही काळ अडवण्याचे बळ या पदात आहे. सरकारच्या निष्क्रियतेवर त्याच्याजवळ उपाय नाही. मराठवाड्याचे दुखणे नेमके या दुसऱ्या प्रकारचे आहे. म्हणूनच सत्तेला घाई असली की राष्ट्रपतींची सही एका रात्रीत होते आणि मागास भागाचा प्रश्न असला की तिला दहा वर्षे लागतात.

या विलंबाची किंमत आकड्यांत दिसते. १९९४ च्या पायावर निर्देशांक व अनुशेष समितीने १९९७ मध्ये नवा हिशेब मांडला, तेव्हा राज्याचा अनुशेष सुमारे १४,००७ कोटी आणि त्यातील मराठवाड्याचा सुमारे ४,००५ कोटी निघाला. दोन्ही हिशेबांतील किमती आणि पद्धती वेगळ्या असल्याने रकमांची थेट तुलना करणे उचित नव्हे. परंतु मराठवाड्याचा वाटा साडेतेवीस टक्क्यांवरून साडेअठ्ठावीस टक्क्यांवर गेला, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्याचे चित्र तर आणखी बोलके आहे. जालना शहराची बियाणे आणि लोखंडी सळया देशभर जातात. त्याच जिल्ह्यात २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि माणसे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसली. जायकवाडीचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर या बाजूने जातो. भोकरदन आणि जाफराबाद त्याच्या लाभक्षेत्राबाहेरच राहतात. सरासरीच्या पडद्याआड असे तालुके दडून जातात. ते उजेडात आणण्यासाठीच स्वतंत्र मंडळ आणि त्याचा वार्षिक अहवाल यांची गरज होती.

या व्यवस्थेवर आक्षेप घेतले गेले आणि ते सर्वस्वी निराधार नव्हते. मंडळांना स्वतःचे अधिकार थोडे होते. ती पुष्कळदा राजकीय सोयीच्या नेमणुकांची जागा ठरली. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. लोकांनी निवडलेल्या विधानसभेच्या अर्थसंकल्पावर लोकांनी न निवडलेल्या राज्यपालांचे निर्देश का चालावेत? लोकशाहीत हा प्रश्न विचारलाच पाहिजे. परंतु विधानसभेत बहुमत ज्या भागांचे, निधी त्या भागांकडे वाहणे हाही लोकशाहीचाच एक धोका आहे आणि त्यावर उतारा म्हणून घटनेने ही तरतूद केली. शिवाय मंडळाचा अहवाल अखेर विधानसभेपुढेच यायचा असतो. सभागृहाचा अधिकार त्याने हिरावला जात नाही. उलट उत्तर देण्यास सभागृह बांधले जाते. मंडळे दुबळी होती, हे ती सबळ करण्याचे कारण आहे, बुडवण्याचे नव्हे.

प्रत्यक्षात ती बुडू दिली गेली. वेळोवेळी मिळालेली मुदतवाढ ३० एप्रिल २०२० रोजी संपली. मार्च २०२१ मध्ये विधानसभेत हा विषय निघाला, तेव्हा राज्यपालनियुक्त बारा सदस्यांची नावे जाहीर होतील त्या दिवशी मंडळांची घोषणा करू, अशा आशयाचे उत्तर तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी दिले. मराठवाड्याचा घटनात्मक हक्क विधान परिषदेच्या बारा जागांच्या देवघेवीत तारण ठेवला गेला, असाच त्याचा अर्थ होतो. पुढे सरकार बदलले आणि २७ सप्टेंबर २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मंडळांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला. पण राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय म्हणजे राष्ट्रपतींचा आदेश नव्हे. तो कागद राज्यपालांमार्फत दिल्लीला जावा लागतो, गृहमंत्रालयातून पुढे सरकावा लागतो आणि मगच राष्ट्रपतींच्या मेजावर पोहोचतो. या वाटेवरचा प्रत्येक टप्पा कोणत्या ना कोणत्या निवडून आलेल्या सरकारच्या हाती असतो आणि सरकार कोणत्याही पक्षाचे असो, कागद सावकाश चालतो, हा अनुभव जुना आहे.

तेव्हा राष्ट्रपतींना अधिक अधिकार द्यावेत की नाहीत, हा वाद विद्वानांनी खुशाल घालावा. मराठवाड्याच्या दृष्टीने प्रश्न साधा आहे. घटनेने सही करणाऱ्याचे नाव ठरवून दिले आहे. सहीसाठी कागद पुढे ठेवणाऱ्यांना जाब विचारण्याचे काम मतदारांवर सोपवले आहे. आमदार आणि खासदार मते मागायला दारी येतात, तेव्हा रस्ता आणि सभामंडप यांच्याबरोबरच अनुच्छेद ३७१ चा हिशेबही त्यांना विचारला गेला पाहिजे. हा प्रश्न जोवर निवडणुकीचा प्रश्न होत नाही, तोवर राष्ट्रपती भवनातील लेखणी मराठवाड्यासाठी थांबलेलीच राहील.