आधी मागे बसून बघा!

मंडळी, पूर्वी आपल्याकडे स्थळ बघताना जेवढी चौकशी व्हायची, त्याच्या दुप्पट चौकशी इथे अमेरिकेत नवी गाडी घेताना होते. तीन-तीन महिने घरात दुसरा विषय नसतो. नवरा एक्सेल शीट उघडून बसतो, बायको रंगावर अडून बसते, मुलं स्पीकर किती ते विचारतात, आणि गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत अनुभवी मंडळी पुरीबरोबर सल्लेही वाढतात. "पॅनोरॅमिक सनरूफ घ्याच हो, पुन्हा पुन्हा कुठे गाडी घेतो आपण?" "लेदर नसेल तर रीसेलला मार खाल!" "स्क्रीन किती इंची?" शेवटी एकदाची गाडी दारात येते, हळदीकुंकू वाहिलं जातं, चाकाखाली लिंबू चिरडलं जातं आणि फोटो पुण्याला नाहीतर नागपूरला रवाना होतो.

या सगळ्या धांदलीत एक साधी गोष्ट मात्र कोणी करत नाही. शोरूममध्ये मागचं दार उघडून, आत बसून, पट्टा लावून पाच मिनिटं कोणी बसून बघत नाही.

माझं म्हणणं स्पष्टच सांगते. कुटुंबासाठी गाडी घ्यायची असेल, तर तिची निवड मागच्या सीटवरून करावी. "मस्ट हॅव" या शब्दाला काही अर्थ असेल, तर ती यादी तिथून सुरू होते. बाकी सगळी हौस. हौसेला माझी ना नाही, पण हौस आणि गरज यांची गल्लत नको.

मागे बसतं कोण, ते आठवा जरा. सोमवार ते शुक्रवार ऑफिसला जाताना गाडीत तुम्ही एकटे. शनिवार उजाडला की मागे दोन कार सीट्स आणि त्यात आपली दोन पिल्लं. उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी आई-बाबा आले की त्या दोन कार सीट्सच्या मधल्या फटीत आजी अंग चोरून बसते. गुडघे दुखत असतात, पण बोलत नाही बिचारी. विचारलं तर म्हणते, "मला काय, कुठेही चालतं!" बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला जाताना दहा-दहा तास ती तशीच बसून येते. म्हणजे ज्यांच्यासाठी आपण जीव टाकतो ती सगळी माणसं मागे, आणि पैसे खर्च होतात ते सगळे पुढच्या माणसाच्या करमणुकीवर!

यावर लगेच उत्तर येतं, "अहो, हल्ली सगळ्याच गाड्या सेफ असतात. स्टिकरवर पाच स्टार आहेत की!" इथेच खरी गोम आहे. त्या स्टिकरवर जे सरकारी स्टार असतात, त्यातल्या समोरासमोरच्या धडकेच्या चाचणीत बाहुले पुढच्या दोन सीट्सवर बसवलेले असतात. मागच्या सीटवर बाहुला असतो तो बाजूने बसणाऱ्या धडकेच्या चाचणीत. म्हणजे समोरून धडक बसली तर आजीचं काय होईल, याबद्दल ते स्टार अक्षरही बोलत नाहीत.

विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी आयआयएचएस नावाची संस्था या देशात स्वतंत्रपणे गाड्या आपटून बघते. तिने अपघातांची आकडेवारी तपासून सांगितलं, की २००७ आणि त्यानंतरच्या मॉडेल्समध्ये पट्टा लावून मागे बसलेल्या माणसाला जिवावर बेतणारी इजा होण्याचा धोका पुढे पट्टा लावून बसलेल्यापेक्षा ४६ टक्के जास्त आहे. याचा अर्थ मागची सीट पूर्वीपेक्षा वाईट झाली असा नाही. पुढची सीट सुधारत गेली, मागची तिथेच राहिली. पुढच्या पट्ट्यात धडक बसताक्षणी पट्टा आवळून धरणारी यंत्रणा असते, आणि छातीवर फार दाब आला तर तो थोडा सैल सोडणारी यंत्रणाही असते. अनेक गाड्यांत मागच्या पट्ट्याला यातलं काहीच नसतं. मग कमरेचा पट्टा सरकून पोटावर चढतो आणि आतल्या अवयवांना मार बसतो. एक खुलासा इथेच करते, नाहीतर कोणीतरी मुलाला उचलून पुढे बसवायचं! तेरा वर्षांखालच्या मुलांची जागा मागेच आहे. पुढच्या एअरबॅगचा धोका त्यांना कितीतरी मोठा.

याच संस्थेने २०२२ मध्ये आपली समोरच्या धडकेची एक चाचणी बदलली आणि ड्रायव्हरच्या मागे एक छोट्या चणीचा बाहुला बसवला. बारा वर्षांचं मूल किंवा लहानखुरी बाई, म्हणजे जवळजवळ आपली आजीच! पहिल्या फेरीत १५ छोट्या एसयूव्ही होत्या. त्यातल्या फक्त दोन "गुड" ठरल्या आणि नऊ सरळ नापास. २०२३ मध्ये चार मिनीव्हॅन्सची पाळी आली. कुटुंबाची गाडी म्हणूनच ज्या विकल्या जातात, त्या चारांपैकी एकीलाही "गुड" सोडा, त्याच्या खालची "अ‍ॅक्सेप्टेबल" ही श्रेणीसुद्धा मिळाली नाही. यानंतर कंपन्यांनी धावपळ करून मागचे पट्टे सुधारायला घेतले, कारण संस्थेने २०२५ पासून आपला सुरक्षेचा किताब द्यायला मागच्या सीटची ही परीक्षा पास होणं सक्तीचं केलं. म्हणून आज गाडी घेताना नुसतं नाव ऐकून भुलू नका. नेमकं मॉडेल आणि नेमकं वर्ष घालून निकाल बघा. फुकट बघायला मिळतो. सनरूफचे रिव्ह्यू वाचायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दशांश वेळात होतं.

आता माझी यादी.

पहिली गोष्ट मागचा पट्टा. त्याला वर सांगितलेली आवळणारी यंत्रणा आहे का ते विचारा. मागच्या माणसाने पट्टा लावला नाही तर पुढे ठणाणा होतो का, तेही बघा. आपल्या आई-बाबांच्या पिढीला मागे पट्टा लावायची सवय नाही, हे मान्य करूया. "मागे कशाला?" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. पुढे बसलेले दोघे जबर जखमी होऊनही वाचले. मागे बसलेले दोघे गेले, आणि त्या दोघांनी पट्टे लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. गाडी महागड्यांतली महागडी होती. तेव्हा बाबांशी वाद घालण्यापेक्षा गाडीलाच ओरडू द्या. गाडीवर कोणी रुसत नाही! कायद्यावर विसंबू नका. न्यूयॉर्कसारख्या राज्याने मागे बसलेल्या मोठ्या माणसांना पट्टा सक्तीचा केला तो २०२० च्या नोव्हेंबरमध्ये, आणि ही सक्ती आजही सगळ्या राज्यांत नाही.

दुसरी गोष्ट कार सीट. ती बसवायचे हुक सप्टेंबर २००२ पासून इथल्या गाड्यांत सक्तीचे आहेत, पण बहुतेक गाड्यांत मागच्या दोनच जागांना ते पूर्ण मिळतात, मधल्या जागेला नाही. शिवाय त्या खालच्या हुकांना वजनाची मर्यादा आहे. मूल आणि सीट मिळून ६५ पौंड. त्यापुढे सीट गाडीच्या पट्ट्याने बांधावी लागते. म्हणून घरच्या कार सीट्स उचलून शोरूममध्ये न्या आणि बसवून बघा. सेल्समन तोंड वाकडं करेल, करू दे. उलट्या तोंडाची बाळाची सीट बसवल्यावर पुढच्या उंच माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात का, दोन सीट्समध्ये मोठं माणूस पट्टा लावून बसू शकतं का, हे कुठल्याही ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं.

तिसरी गोष्ट दार आणि उंची. साडी नेसलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला चढता येईल अशी सीट हवी. फार उंच एसयूव्हीत तिला वर खेचावं लागतं, फार बसक्या सेडानमधून ओढून काढावं लागतं. सीट साधारण खुर्चीच्या उंचीची असावी, धरायला हँडल असावं, दार रुंद उघडावं. सरकत्या दाराची मिनीव्हॅन याबाबतीत राणी आहे. पण आपल्याकडे मिनीव्हॅन म्हटलं की नाकं मुरडतात. "म्हातारं झाल्यासारखं वाटतं!" अहो, दोन मुलं, सासू-सासरे आणि घरकर्ज एवढं सगळं असताना गाडीने तरुण दिसायचा अट्टाहास कशाला? वर २०२३ च्या निकालाबद्दल लिहिलंच आहे, तेव्हा नवं मॉडेल त्या परीक्षेत सुधारलंय का ते बघूनच घ्या. आणि तीन रांगांची एसयूव्ही घेऊन आजी-आजोबांना तिसऱ्या रांगेत कोंबणार असाल, तर आधी स्वतः तिथे चढून, अर्धा तास बसून, उतरून दाखवा.

चौथी गोष्ट आपोआप लागणारा ब्रेक. पुढच्या गाडीवर आदळणार असं दिसलं की गाडी स्वतः ब्रेक मारते. या यंत्रणेमुळे मागून आदळण्याचे अपघात जवळजवळ निम्म्यावर येतात, असं आयआयएचएसला आढळलं. २०१६ मध्ये वीस कंपन्यांनी ती आपण होऊन बसवायचं कबूल केलं, आणि सरकारने २०२४ मध्ये केलेल्या नियमात सप्टेंबर २०२९ ही मुदत घातली. आजच्या बहुतेक नव्या गाड्यांत ती असते. मुलाला कॉलेजसाठी जुनी गाडी घेताना मात्र आहे की नाही ते नक्की विचारा.

पाचवी गोष्ट हेडलाइट्स. यांच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं! २०१६ मध्ये पहिल्यांदा ३१ मध्यम आकाराच्या गाड्यांचे दिवे तपासले, तेव्हा एकच गाडी "गुड" निघाली. दिवा महाग म्हणजे चांगला असंही नाही, आणि एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या ट्रिम्सना वेगळे दिवे असू शकतात. टेस्ट ड्राइव्ह भर दुपारी घेतो आपण, आणि अधिवेशनाहून परततो रात्री दोन वाजता पावसात. एक टेस्ट ड्राइव्ह अंधार पडल्यावर घ्या.

माझी यादी इथे संपली. बघा, यात एकही गोष्ट अशी नाही जी पार्किंग लॉटमध्ये चारचौघांना दाखवता येईल. दुखणं तिथेच आहे. "चल, तुला माझ्या मागच्या पट्ट्याची यंत्रणा दाखवतो" असं कोणी मित्राला म्हणत नाही!

कंपन्यांनाही हे चांगलं ठाऊक आहे. म्हणून बाजूने येणारी गाडी दाखवणाऱ्या आरशाच्या दिव्यासारखी उपयोगी वस्तू कित्येकदा वरच्या पॅकेजमध्ये, सनरूफ आणि लेदरच्या गाठोड्यात बांधलेली असते. सुरक्षा हवी तर चैनही विकत घ्या, असा हा मामला. तेव्हा प्रत्येक ट्रिमची यादी समोर ठेवून विचारा, की हे सगळं कमीत कमी किमतीत कशात मिळतं? पुष्कळदा उत्तर सर्वात महाग ट्रिम नसतं. पॅनोरॅमिक सनरूफमुळे अनेक गाड्यांत मागे डोक्यावरची जागा कमी होते, हेही लक्षात ठेवा. आणि कागदांवर सह्या करायच्या खोलीत टायरमधला नायट्रोजन, रंगाचं संरक्षण, कापडाचं संरक्षण अशी जी यादी पुढे सरकवली जाते, तिला हसतमुखाने "नो, थँक यू" म्हणा. वाचलेल्या पैशात चार चांगले टायर येतात.

काहीजण म्हणतील, "पैसे आम्ही कमावतो, दिवसाचे दोन तास आम्ही चालवतो, मग आमच्या सुखाचं काय?" रास्त आहे. पाठीला आधार देणारी सीट, अंधारातही हाताला सापडणारी बटणं, हे ड्रायव्हरचं सुखही आहे आणि सगळ्यांची सुरक्षाही. त्यावर जरूर खर्च करा. आणखी शिल्लक राहिली तर सनरूफही घ्या, माझी बिलकुल हरकत नाही. क्रम तेवढा पाळा.

तर मंडळी, पुढच्या वेळी गाडी बघायला जाल तेव्हा सगळ्या घराला घेऊन जा. आई-बाबा आलेले असतील तर त्यांनाही न्या. किल्ली हातात घेण्याआधी मागचं दार उघडा, आईला बसवा, पट्टा लावायला सांगा, आणि तुम्हीही तिच्या शेजारी बसा. तिला विचारा, "आई, जमतंय का?" ती "मला काय, कुठेही चालतं" म्हणाली, तर ते उत्तर धरू नका. ती उतरताना दाराला किती घट्ट धरते, ते बघा आणि मग ठरवा.