आम्ही जनरेटर निवडतो

माणूस सहलीला का जातो, हे कोडं मला अजून उलगडलेलं नाही. घरात दिवे, पंखे, मिक्सर, टीव्ही सगळं असतं, म्हणून त्याला कंटाळा येतो. मग जिथे यातलं काहीच नाही अशा ठिकाणी तो जायचं ठरवतो. इथवर मी त्याच्याशी सहमत आहे. पण निघताना तो हे सगळं बरोबर घेऊन निघतो, आणि तिथे आमचं भांडण सुरू होतं.

आमच्या सोसायटीने जूनच्या पहिल्या आठवड्यात भंडारदऱ्याला तंबूत मुक्काम करून काजवे पाहायचं ठरवलं. मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत अकोले तालुक्यातल्या त्या डोंगरांत हिरडा, बेहडा, सादडा या झाडांवर काजव्यांची दिवाळी असते. सभेत सेक्रेटरींनी पहिलाच मुद्दा मांडला, "तिथे लाइटची सोय काय?" यावर पहिल्या मजल्यावरच्या काकू गंभीरपणे म्हणाल्या, "बरोबर आहे. अंधारात काजवे दिसणार कसे?"

ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. जनरेटर घ्यायचा! तोसुद्धा साधा नव्हे, इन्व्हर्टर जनरेटर. निवड समितीत सेक्रेटरी, आमचे मेहुणे आणि मी. मेहुण्यांना विजेतलं कळतं असा त्यांचा स्वतःचा समज आहे. मी बँकेत कारकून, शिवाय बी.कॉम.; म्हणून खजिनदार. बी.कॉम. माणसाला वीज कळत नाही, पण बेरीज कळते. या प्रकरणात बेरीजच पुरते, असं आता माझं ठाम मत झालं आहे.

सेक्रेटरींनी प्रत्येक घरातून मागण्या मागवल्या. यादी अशी आली : इलेक्ट्रिक किटल्या दोन, प्रत्येकी १५०० वॉट. चटणीसाठी मिक्सर, ७५० वॉट. गाण्यांसाठी स्पीकर, ३००. मॅचसाठी प्रोजेक्टर, २००. टेबल फॅन दोन, मिळून ११०. आणि 'सेफ्टीसाठी' फ्लडलाइट दोन, मिळून २००. एकूण ४५६० वॉट. "पाच के.व्ही.ए.चा घेऊन टाकू," सेक्रेटरी म्हणाले. म्हणजे काजवे पाहायला आम्ही एक छोटी पिठाची गिरणी चालेल एवढी वीज घेऊन निघालो होतो.

दुकानात गेलो. तिथे माझ्या लक्षात आलं की जनरेटरचा माहितीपत्रक लिहिणारा माणूस आणि कर्जाची जाहिरात लिहिणारा माणूस हे सख्खे भाऊ असावेत. ठळक अक्षरांत छापलेला आकडा असतो कमाल शक्तीचा. यंत्र ती थोडाच वेळ देऊ शकतं. तासन् तास जी मिळते ती 'रेटेड' शक्ती खाली बारीक टायपात असते, आणि ती कमी असते. के.व्ही.ए. म्हणजे किलोवॉट असं समजून चालणारा माणूस आणखी फसतो; अनेक यंत्रांत किलोवॉटचा आकडा लहान निघतो. त्यात फ्रिज किंवा पंप जोडायचा असेल तर सुरू होताना मोटर नेहमीच्या दुप्पट-तिप्पट वीज ओढते, हे वेगळंच.

आवाजाचीही तीच गत. पत्रकात छापलेले डेसिबल बहुतेक वेळा पाव भारावरचे आणि सात मीटर अंतरावरून मोजलेले असतात. आपण मात्र पूर्ण भारावर चालवतो, आणि शेजारचा तंबू साडेतीन मीटरवर असतो. अंतर अर्धं केलं की आवाज सहा डेसिबलने चढतो. तो शेजारी काही माहितीपत्रक वाचून झोपत नाही.

पण खरा घोटाळा आहे तो 'इन्व्हर्टर' या शब्दात. आपल्याकडे इन्व्हर्टर म्हणजे घरातला तो गरीब डबा. बॅटरीला जोडलेला, दिवे गेले की मुकाट्याने पंखा चालवणारा. ना पेट्रोल, ना धूर. इन्व्हर्टर जनरेटर हा त्याचा चुलतभाऊसुद्धा नव्हे. हे सरळ सरळ पेट्रोलवर चालणारं इंजिन आहे. साध्या छोट्या जनरेटरला पन्नास सायकलची वीज द्यायची तर भार असो वा नसो, बहुधा मिनिटाला ३००० फेरे मारावेच लागतात. इन्व्हर्टर जनरेटरमध्ये तयार झालेली वीज आधी डी.सी. करतात, मग इलेक्ट्रॉनिक मंडळ तिची पुन्हा नीट पन्नास सायकलची, २३० व्होल्टची वीज बनवतं. त्यामुळे भार कमी असला तर इंजिनाला हळू चालता येतं. आवाज कमी, पेट्रोल कमी, आणि नाजूक यंत्रांना मानवणारी स्वच्छ वीज. कल्पना झकास आहे, यात वाद नाही. पण स्वच्छ होते ती वीज. हवा नव्हे!

हे मी का सांगतोय, तर दुकानात मी विचारलं, "पाऊस आला तर हे ठेवायचं कुठे?" मेहुणे झटक्यात म्हणाले, "तंबूत घेऊ. इन्व्हर्टर आहे, त्याला धूर कुठला?" आणि दुकानदार मान डोलावून पावतीपुस्तक काढू लागला.

आता मात्र विनोद बाजूला ठेवतो. पेट्रोलचं कुठलंही इंजिन कार्बन मोनॉक्साइड सोडतं. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. डोकं दुखतं, झोप येते, आणि तंबूत झोप आली तर कुणाला संशय येणार? प्रवासाने दमला असेल, असं म्हणून आपण वर पांघरूण घालतो. ते झोपणं कायमचं ठरू शकतं. म्हणून हे यंत्र तंबूपासून किमान सहा मीटर लांब, उघड्यावर, धुराडं माणसांच्या विरुद्ध दिशेला करूनच चालवायचं असतं. आणि पावसात उघड्यावर ठेवायचं नसतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात, भंडारदऱ्याला, या दोन्ही अटी एकदम पाळून दाखवणाऱ्याला मी माझा बोनस देईन.

दुसऱ्या दिवशी जिन्यात तळमजल्यावरचे आप्पा भेटले. वय त्र्याहत्तर. म्हणाले, "मी काही येत नाही रे सहलीला." मी कारण विचारलं. तर झोपेत त्यांचा श्वास अडकतो, म्हणून रात्री नाकाला यंत्र लावून झोपावं लागतं. "मग यादीत का नाही लिहिलंत?" मी म्हटलं. ते ओशाळून हसले. "अरे, माझं मेलं चाळीस वॉटचं यंत्र. तुमची एवढी मोठमोठी यादी चाललेली. त्यात मी कुठे अडचण करू?"

माझी झोप उडाली ती तिथे. ४५६० वॉटच्या यादीत ज्याला खरोखर वीज हवी होती असा एकच माणूस होता, आणि तोच यादीत नव्हता! बँकेतही हेच पाहतो मी. ज्याला गरज नाही तो मॅनेजरच्या केबिनमध्ये बसून मोठं कर्ज मागतो, आणि ज्याला गरज असते तो बाहेर फॉर्म कसा भरायचा हे विचारायला लाजतो.

मी नवी बेरीज मांडली. आप्पांचं यंत्र ४० वॉट, आठ तास : ३२० वॉट-तास. (पाणी गरम करणारा भाग बंद ठेवून. आप्पांनी डॉक्टरांना विचारून घेतलं.) ९ वॉटचे चार दिवे, चार तास : १४४. दहा मोबाइल, प्रत्येकी १५ : १५०. एकूण ६१४ वॉट-तास. म्हणजे पाऊण युनिटसुद्धा नाही! एवढ्यासाठी हजार वॉट-तासांची लिथियम बॅटरीची पेटी पुरते. वजन दहा-बारा किलो, आवाज नाही, पेट्रोल नाही, आणि तंबूत उशाशी ठेवली तरी कुणाचा श्वास घेत नाही. किटली लावली तर मात्र ती चाळीस मिनिटांत डोळे मिटते. म्हणून चहा गॅसवर, चटणी पाट्यावर किंवा घरूनच.

माझं जनरेटरशी वैर नाही. दुर्गम पाड्यावर आरोग्य शिबिर असेल, पुराने खांब पडले असतील, रस्त्याकडेला कुणाची खाण्याची गाडी असेल, तर खुशाल घ्यावा. घेताना रेटेड वॉट पाहावेत, पूर्ण भारावरचा आवाज विचारावा, उचलून पाहावा आणि गावात दुरुस्ती होते का ते आधी शोधावं. पण काजव्यांपुढे फ्लडलाइट लावणं म्हणजे गवयाच्या मैफलीत बँड वाजवण्यासारखं आहे. ते बिचारे हौस म्हणून चमकत नाहीत. नर चमकून साद घालतो, मादी चमकून उत्तर देते. त्यांची लग्नं जुळायचे ते मोजके दिवस. त्यात आपण झोत मारला की साद कुणाची आणि उत्तर कुणाला!

सभेत तीन तास वाद झाला. मेहुणे दोन दिवस बोलले नाहीत, ही जमेची बाजू. शेवटी पेटी भाड्याने आणायचं ठरलं, आणि ते मुख्यतः भाडं कमी पडत होतं म्हणून.

आम्ही गेलो. आप्पा आले. जेवणानंतर दिवे मालवले आणि दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही. आमच्या सोसायटीच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं. समोरचं झाड नुसतं श्वास घेतल्यासारखं उजळत होतं, विझत होतं.

पलीकडच्या टेकाडावर दुसऱ्या मंडळींचा जनरेटर धडधडत होता आणि फ्लडलाइटखाली त्यांची झाडं लख्ख, हिरवी आणि रिकामी दिसत होती. थोड्या वेळाने तिकडून एक भला गृहस्थ बॅटरी मारत आला. "तुमच्याकडे लाइट गेलेत वाटतं? एक वायर टाकू का आमच्याकडून?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात आमचे सेक्रेटरी, फ्लडलाइटच्या ठरावाचे सूचक, अंधारातून ओरडले, "नको हो! आधी ती हातातली बॅटरी विझवा, आणि बसा खाली!"