आघाडीच्या मागे, कागदांच्या तावडीत

युक्रेन युद्धाच्या बातम्या आपल्याकडे क्षेपणास्त्रे, ड्रोन आणि नकाशावरच्या रेषा यांच्यापलीकडे फारशा जात नाहीत. त्या रेषेच्या मागे, रशियाने ताब्यात घेतलेल्या मेलितोपोल, बेर्द्यान्स्क, मारिउपोलमध्ये सामान्य माणूस कसा जगतो आहे, याकडे आम्हाला लक्ष वेधायचे आहे.

पहिला घाव स्थानिक स्वराज्यावर पडला. मेलितोपोलचे निवडून आलेले महापौर इव्हान फेदोरोव यांना ११ मार्च २०२२ रोजी पळवून नेण्यात आले. कैद्यांच्या अदलाबदलीत ते पाच दिवसांनी सुटले. त्यांच्या खुर्चीवर मर्जीतली नगरसेविका बसवली गेली. मग 'लष्करी-नागरी प्रशासन' आले, सप्टेंबरमध्ये बंदुकीच्या सावलीत सार्वमत झाले, ३० तारखेला चार प्रांत जोडून घेतल्याची घोषणा झाली आणि २० ऑक्टोबरपासून त्याच प्रांतांत मार्शल लॉ लागला. जिथे लोकांनी आनंदाने कौल दिला म्हणतात, तिथे तीन आठवड्यांत लष्करी कायदा कशाला लागतो? हे विचारायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

खरी पकड मात्र बंदुकीची नाही, पासपोर्टची आहे. वस्तीत काम करताना रेशनकार्डावरचे एक नाव उडाले तर घराची काय धावपळ होते, ते आम्ही रोज पाहतो. तिथे पेन्शन, दवाखाना, नोकरी, घराची नोंद असे सगळेच रशियन पासपोर्टला बांधले गेले. मानवी हक्क संघटनांनी औषधोपचार अडवल्याच्या तक्रारीही नोंदवल्या आहेत. मार्च २०२५ च्या फर्मानाने तर, १० सप्टेंबर २०२५ पर्यंत कागद नीट करा नाहीतर चालते व्हा, असे बजावले. म्हणजे जन्मगावातच माणूस परका. पासपोर्ट घ्यायचा तर निष्ठेची शपथ आली, आणि तरुण असेल तर पाठोपाठ सैन्यभरतीची नोटीस. ताब्यातल्या प्रदेशातील लोकांना शपथ घ्यायला भाग पाडू नये, हे १९०७ च्या हेग नियमांत आहे. त्यांना आपल्या सैन्यात ओढू नये, हे १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारात. रशियाचे उत्तर सोपे आहे: हा व्याप्त प्रदेश नाहीच, आमचाच आहे.

जे पळून गेले त्यांची घरे 'बेवारस' ठरवली जातात. हक्क सांगायला परत यावे, तर तिसऱ्या देशातून येणाऱ्या बहुतेकांना ऑक्टोबर २०२३ पासून मॉस्कोच्या शेरेमेत्येवो विमानतळावरूनच यावे लागते. तिथे तासन् तास चौकशी, मोबाइलची झडती, आणि अनेकांना दारातूनच माघारी धाडणे.

१२ ऑक्टोबर २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४३ देशांनी हे सामीलीकरण अमान्य केले. भारत तटस्थ राहिला. पश्चिमी देशांचा दुटप्पीपणा आम्हाला ठाऊक आहे. वेस्ट बँकमध्ये १९६७ पासून लष्करी हुकूम चालतात, तेव्हा हाच आवाज बारीक होतो. पण म्हणून मेलितोपोलच्या म्हातारीची पेन्शन सुटत नाही. शस्त्रसंधीच्या बोलण्यांत कोणती रेषा कुठे थांबणार यावर तासन् तास खल होतो. रेषेच्या पलीकडे उरणाऱ्यांनी कोणता कागद खिशात ठेवायचा, हे त्या टेबलावर कुणीतरी विचारायला हवे.