अंधाराचा फोटो काढून दाखवा!

खराडीत नदीच्या बाजूला उतरणाऱ्या एका रस्त्यावरचे दिवे बरेच दिवस बंद होते. ईऑन आयटी पार्कमधून रात्री उशिरा सुटणारी मुले-मुली मोबाइलची बॅटरी लावून तिथून चालत. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी त्या रस्त्याचा फोटो काढून तक्रारीला जोडला. उत्तर आले : फोटोत रस्ता स्पष्ट दिसत आहे.

फोटो पाहिला, तर खरेच की! फुटपाथचे ब्लॉक मोजता येत होते, आकाशाला निळसर छटा होती. काकूंनी कुठलेही फिल्टर लावले नव्हते. फोनने अंधार ओळखला, नाइट मोड आपणहून सुरू केला आणि तक्रारीचा विषयच पुसून टाकला.

हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाही. पिकाचे नुकसान, गाडीचा विमा, भाड्याच्या घराची ओल, रस्त्यावरचा खड्डा अशा सगळ्या ठिकाणी आपण आता फोटोच पुढे करतो. तो फोटो बनतो कसा, हे मात्र आपल्याला कुणी शिकवत नाही.

फोन नेमके करतो काय?

कॅमेऱ्याचे सेन्सर फक्त उजेड मोजते. त्याच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच गाळणी असते. कोडॅकमधील ब्राइस बायर यांना या रचनेचे पेटंट 1976 मध्ये मिळाले : दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. उरलेले दोन रंग शेजारच्या ठिपक्यांवरून हिशेबाने भरले जातात. 12 मेगापिक्सेलच्या फोटोत रंगांचे 3.6 कोटी आकडे असतात. त्यातले मोजलेले 1.2 कोटी, बाकीचे गणिताने काढलेले. म्हणजे साधा, ‘फिल्टर न लावलेला’ फोटोही दोन तृतीयांश हिशेबच आहे.

रात्री हिशेब आणखी वाढतो. अंधारात सेन्सरवर येणारा उजेड तुटपुंजा, म्हणून चित्रात रवाळपणा येतो. त्यावर उपाय म्हणजे एकाच दृश्याचे अनेक फोटो घेऊन त्यांची सरासरी काढणे. 9 फोटोंची सरासरी घेतली की रवाळपणा एक तृतीयांशावर येतो, कारण तो फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. हात हलतो म्हणून आधी ते फोटो तुकड्या-तुकड्याने एकमेकांवर नीट बसवावे लागतात. गुगलने 2018 मध्ये आणलेल्या ‘नाइट साइट’मध्ये असे 15 पर्यंत फोटो जोडले जातात. रात्र दिवसासारखी दिसू नये, ही अडचण तो बनवणाऱ्यांनाही जाणवली होती. त्यासाठी त्यांनी जुन्या चित्रकारांची युक्ती वापरली : कडा आणि सावल्या गडद ठेवायच्या. काकूंच्या फोनला एवढी रसिकता नसावी.

या विद्येला संगणकीय छायाचित्रण म्हणतात, आणि तिच्यातले एक मोठे नाव आपल्याच मातीतले आहे. नाशिकचे आणि पुण्याच्या सीओईपीत शिकलेले रमेश रासकर एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये ‘कॅमेरा कल्चर’ हा संशोधन गट चालवतात. 2006 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह एक गमतीदार प्रयोग मांडला. फोटो घेताना शटर एकदाच न उघडता ठरावीक लयीत उघड-बंद करायचे. धावत्या गाडीचा फोटो मग धूसर येतो खरा, पण ती लय ठाऊक असल्याने गणित उलटे फिरवून गाडी पुन्हा स्पष्ट करता येते. पुढे त्यांच्या गटाने कोपऱ्याआड दडलेल्या वस्तूचा आकार भिंतीवरून परतणाऱ्या प्रकाशातून काढून दाखवला. 2016 मध्ये त्यांना लेमेलसन-एमआयटी पारितोषिक मिळाले. गणिताने फोटोत खोटेच शिरते असे मानणाऱ्यांनी हे काम पाहावे. डोळ्याला न दिसणारे खरे गणितानेच हाती लागते.

मग बिघडते कुठे?

फोन ‘काय होते’ याऐवजी ‘काय छान दिसेल’ हे ठरवू लागतो तिथे. सप्टेंबर 2020 मध्ये वणव्यांच्या धुराने सॅन फ्रान्सिस्कोचे आकाश केशरी झाले, तेव्हा अनेक फोन ते करडे दाखवत होते. केशरी आकाश ही चूक आहे असे समजून त्यांनी ते ‘दुरुस्त’ केले. 2023 मध्ये एकाने संगणकाच्या पडद्यावर चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले चित्र ठेवून सॅमसंगच्या फोनने फोटो काढला, तर त्यात नसलेला तपशील उमटला. आपल्याकडे सेल्फीत चेहरा न सांगता उजळतो, हे तर घरोघरी पाहिलेले आहे. सावळी मुलगी स्वतःच्याच फोनमध्ये गोरी होते आणि कुणाला त्यात काही वावगे वाटत नाही. मला वाटते.

कायद्याची बाजूही पाहा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य नोंदवतात. त्यावरून फाइल नंतर बदलली का, हे कळते. पण फाइल तयार होण्यापूर्वीच फोनने काय जोडले, काय वगळले, याबद्दल हॅश काहीच सांगत नाही.

शिकायचे कुठून?

फोटोग्राफीचे बहुतेक वर्ग अजून अपर्चर, शटर, आयएसओ या त्रिकूटावर थांबतात, तर इंजिनीअरिंगची मुले इमेज प्रोसेसिंगची सूत्रे कॅमेरा हातात न घेताच पाठ करतात. हे दोघे एका वर्गात बसायला हवेत. एकाच किलोमीटरच्या आत लग्नाचे फोटो काढणारेही आहेत आणि कोड लिहिणारेही, अशा खराडीत तर हे सहज जमावे. महागडा कॅमेरा लागत नाही. फोन तिवईवर ठेवा, प्रो मोडमध्ये तीच सेटिंग ठेवून 9 फोटो घ्या आणि पायथॉनमध्ये ओपनसीव्हीने त्यांची सरासरी काढा. दहा-बारा ओळींचे काम आहे. मग तेच फोटो हातात धरून घ्या, म्हणजे फोन किती कष्ट करतो ते कळेल. रासकरांच्या 2009 च्या अभ्यासक्रमाचे साहित्य एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर फुकट आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या श्री नायर यांची व्याख्याने यूट्यूबवर आहेत. एक सावधगिरी मात्र हवी : काही फोनची रॉ फाइलसुद्धा अनेक फोटो जोडूनच बनते, तेव्हा ‘रॉ’ हे नाव वाचून निर्धास्त होऊ नका.

आमच्या रस्त्याचे पुढे काय झाले? सोसायटीतल्या एका मुलाने नाइट मोड बंद करून, एकच सेटिंग ठेवून दोन फोटो काढले : एक दिवे चालू असलेल्या शेजारच्या रस्त्याचा, दुसरा आमचा. दोन्हीखाली शटर आणि आयएसओचे आकडे लिहिले. काकूंनी ते आधी सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. पहिली प्रतिक्रिया आली, ‘दुसरा फोटो डाउनलोड होत नाहीये, परत पाठवा.’