फॉर्मची खिडकी बनवताना समोरचं मूल डोळ्यांपुढे ठेवा



आपण शिक्षक वर्षभर फॉर्म भरत असतो. कधी कागदावर, कधी संगणकावर. फॉर्म बनवायची वेळ मात्र आपल्यावर क्वचितच येते. गेल्या उन्हाळी सुट्टीत मी ती मुद्दाम ओढवून घेतली. पायथन ही भाषा शिकत होतेच, म्हटलं वर्गातल्या प्रवेशाच्या नोंदींसाठी एक छोटीशी खिडकी बनवून बघू. त्यातून मी जे शिकले ते आज सांगते, आणि माझं एक ठाम मतही मांडते.

आधी डायलॉग म्हणजे काय ते पाहू. मुख्य कार्यक्रम चालू असताना मध्येच एक लहान खिडकी उघडते, काही विचारते, उत्तर घेते आणि बंद होते. ती उघडी असेपर्यंत मागच्या खिडकीला हात लावता येत नसेल, तर तिला मोडल डायलॉग म्हणतात. खिडकीतल्या प्रत्येक वस्तूला विजेट म्हणतात. नाव लिहायला एंट्री, इयत्ता निवडायला कॉम्बोबॉक्स, हो-नाहीसाठी चेकबटन, अनेकांतून एकच निवडायचं तर रेडिओबटन. रेडिओबटनांच्या एका गटाला एकच सामायिक व्हेरिएबल द्यावं लागतं. नाहीतर एक निवडलं की दुसरं सुटेल, हा नियम लागूच होत नाही.

आता ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धत इथे कशाला? क्लास म्हणजे साचा, आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यातून निघालेली वस्तू. पायथनसोबत येणाऱ्या टीकेइंटरमध्ये डायलॉगचा साचा तयारच मिळतो. आपण त्याचा वारसा घ्यायचा आणि फक्त तीन मेथड आपल्या लिहायच्या. बॉडीमध्ये विजेट मांडायचे, व्हॅलिडेटमध्ये माहिती तपासायची, अप्लायमध्ये ती उचलून ठेवायची. ओके आणि कॅन्सलची बटणं साचा स्वतःच देतो. माहिती अप्लायमध्येच उचलायची, हे लक्षात ठेवा. खिडकी नष्ट झाल्यावर एंट्रीला ‘तुझ्यात काय लिहिलंय?’ असं विचारलं तर एरर येते, कारण ती एंट्री आता उरलेलीच नसते.

माझी पहिली फजिती व्हॅलिडेटमध्ये झाली. सगळं बरोबर भरून ओके दाबलं, तरी खिडकी जागची हलेना. एक अख्खी संध्याकाळ गेली. चूक एवढीच होती की तपासणी झाल्यावर ‘खरं’ हे उत्तर परत पाठवायला मी विसरले होते. पायथन अशा वेळी काहीच परत देत नाही, आणि साचा त्या ‘काहीच नाही’चा अर्थ ‘नापास’ असा घेतो. आपल्यालाही वर्गात असं होतं ना? मूल गप्प बसलं की त्याला येत नाही, असं आपण धरून चालतो.

दुसरी फजिती नावाची. नावात फक्त अक्षरं आहेत का हे बघायला मी इझअल्फा ही तयार मेथड वापरली. ‘कमल’ पास झालं, ‘सुनीता’ नापास! कारण पायथन काना, मात्रा, वेलांटी, उकार यांना अक्षरांत मोजत नाही. म्हणजे मराठीतली बहुतेक नावं त्या चाळणीतून बाहेर. अंकांच्या बाबतीत मात्र उलटा अनुभव आला. ‘१२’ असं देवनागरीत लिहिलं तरी पायथन ते बारा म्हणून बिनतक्रार घेतो. तेव्हा तपासणी आपल्याच मुलांची नावं घालून करून पाहा.

तिसरी गोष्ट खरी महत्त्वाची. मुलाचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख हे तीन रकाने मी सक्तीचे केले होते. चाचणीसाठी जुन्या नोंदी भरायला बसले. एका मुलीच्या नोंदीत फक्त आईचं नाव होतं. ओके दाबलं, खिडकी म्हणाली, ‘वडिलांचे नाव भरा.’ आणि खरं सांगते, माझं बोट टिंबाच्या बटणावर गेलं होतं! मीच बनवलेल्या खिडकीला मीच एक खोटं टिंब देऊन पुढे जाणार होते.

तिथे मी थांबले. हे टिंब मी टाकलं, तर उद्या एखादा पालक माझ्यासमोर बसून हाच रकाना रिकामा ठेवेल तेव्हा मी काय करणार? चार लोकांदेखत त्या आईला विचारणार?

माझं मत असं की सक्तीचा रकाना हा तांत्रिक निर्णय नसतो. कोण आपल्या दारातून आत येऊ शकतं, हे तो ठरवतो. काही जण म्हणतील, सक्ती नसेल तर लोक काहीच भरत नाहीत. त्यात तथ्य आहे. पण उत्तर ज्याच्याकडे नाहीच, त्याच्यावर सक्ती केली की माहिती मिळत नाही, टिंब मिळतं. आणि रिकाम्या रकान्यापेक्षा टिंब वाईट, कारण ते भरल्यासारखं दिसतं.

मी तपासणी बदलली. आई, वडील किंवा सांभाळ करणारं माणूस, यांपैकी निदान एक नाव हवं. कोड फक्त एका ओळीने वाढला. पालकांचे रकाने मी वेगळ्या क्लासमध्ये ठेवलेत. प्रवेशाची खिडकीही तोच वापरते आणि दाखल्याचीही. राज्य शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आईचं नाव लावणं बंधनकारक केलं आहे. ही मुलं शाळेत येतील तेव्हा मला बदल एकाच जागी करावा लागेल. क्लासचा खरा फायदा मला इथे कळला.

तुम्ही खिडकी बनवाल तेव्हा एवढं करा. जे लागणारच नाही ते विचारू नका. चूक दाखवताना ‘अवैध माहिती’ असं म्हणण्याऐवजी काय लिहायचं ते सांगा, आणि कर्सर त्याच रकान्यात नेऊन ठेवा. आणि चाचणीसाठी पहिली नोंद तुमच्या पटावरच्या सगळ्यात वेगळ्या मुलाची भरा. ती नीट भरली गेली, तर बाकीच्यांची काळजी नको.